नववीतला मुलगा तोंडी सगळं सांगतो, पेपरात मात्र लिहीत नाही. अध्ययन अक्षमतेचा दाखला काढावा का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा नववीत आहे, माध्यम मराठी पण सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. इतिहासाचा धडा वाचून दाखवला की दुसऱ्या दिवशी बारकाव्यांसकट सांगतो, काकांच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलून जोडायला बसतो, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेत इंग्रजी, गणित, विज्ञान या तिन्ही विषयांत नापास. वह्या अर्धवट. वर्गशिक्षिका म्हणाल्या, दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे बाहेरून बसवा. नात्यातल्या कुणी सांगितलं की अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडत असल्याचा, दाखला काढला तर वाढीव गुण मिळतात. मुलाच्या वडिलांना वाटतं की असा दाखला म्हणजे कायमचा शिक्का. आणि तुम्ही विचारता आहात, काढू की नको?

मी विशेष शिक्षिका आहे. बरीच वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर आणि त्यांच्या शिक्षकांबरोबर काम करते आहे. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आधी देते: तपासणी करून घ्या, या महिन्यातच नाव नोंदवा, आणि दाखला मिळण्यासारखा असेल तर घ्या. पण माझ्या मते दाखला हा तुमचा तिसरा प्रश्न आहे. पहिला म्हणजे, मुलगा नेमका कुठे अडतो? आणि दुसरा, दहावीच्या परीक्षेपर्यंत जे सव्वा वर्ष हातात आहे ते कशावर घालवायचं आणि कशावर नाही? या दोन गोष्टी न ठरवता दाखला हातात आला की बहुतेक घरांत तो फाइलमध्ये जातो आणि दहावीच्या फेब्रुवारीत बाहेर निघतो. तोपर्यंत मुलाने लेखनिकाला, म्हणजे त्याच्या वतीने पेपर लिहिणाऱ्याला, एकही उत्तर सांगून पाहिलेलं नसतं. मग सवलत मिळूनही पेपर कोराच राहतो, आणि घरातले म्हणतात, एवढं करून काय उपयोग झाला.

मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला डिस्लेक्सिया (वाचनातली अध्ययन अक्षमता) आहे असं मी म्हणणार नाही, आणि इतर कुणी नुसतं वर्णन ऐकून तसं म्हणालं तर त्यावर विसंबू नका. आधी डोळे आणि कान तपासा. हे वाचून घाईने पुढे जाऊ नका. नववीत येईपर्यंत फळ्यावरचं न दिसणारी, एका कानाने कमी ऐकणारी मुलं वर्गात असतात आणि त्यांना स्वतःलाही ते कळलेलं नसतं. नंतर मागचा इतिहास आठवा. तिसरी-चौथीतही वाचन असंच अडखळत होतं का? की सहावीपर्यंत बरं होतं आणि सेमी सुरू झाल्यावर घसरलं? की घरातलं एखादं दुःख, शाळाबदल, लांबलेलं आजारपण यानंतर घसरलं? या तिघांची वाट वेगवेगळी असते. अध्ययन अक्षमता नववीत अचानक उगवत नाही, ती पहिल्यापासून असते. ती उघडी पडते नववीत, कारण आठवीपर्यंत तोंडी काम, प्रकल्प, वर्गातला वावर यांवर मूल तरून जातं आणि नववीत सगळं लेखी पेपरावर येऊन ठेपतं. हुशार मुलं तर लपवण्यातही हुशार असतात. मित्राची वही, चांगली स्मरणशक्ती, शिक्षकांशी गोड बोलणं यांवर ती वर्षानुवर्षं निभावतात.

आता घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर मी हीच करते. एका रविवारी सकाळी अर्धा तास काढा. परीक्षा घेतल्यासारखं नको. त्याला सरळ सांगा, तू कुठे अडतोस ते मला समजून घ्यायचंय. सातवी-आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकातला दहा-बारा ओळींचा उतारा घ्या, त्याला आठवत नसेल असा. मोठ्याने वाचायला सांगा, किती वेळ लागला ते टिपा, आणि मग तीन प्रश्न विचारा. तेवढाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावरही तीन प्रश्न विचारा. त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर आधी तोंडी घ्या, नंतर तेच पाच ओळींत लिहून घ्या. शेवटी पुस्तकातल्या पाच ओळी नुसत्या उतरवून काढायला सांगा, आणि त्यालाही वेळ लावा.

ऐकलेल्या उताऱ्याची उत्तरं बरोबर आणि स्वतः वाचलेल्याची चुकीची आली, तर अडचण छापील मजकूर वाचण्यात आहे, समजण्यात नाही. वाचन ठीक, तोंडी उत्तरही ठीक, पण तेच लिहिताना दोन तुटक ओळी आल्या, तर लेखनाकडे बघा. नुसतं उतरवून काढायलाही खूप वेळ लागला, अक्षर ओळ सोडून गेलं, बोटं दुखतात म्हणाला, तर हाताच्या हालचालीचा भाग आहे. आणि ऐकूनही समजलं नाही, तर प्रश्न भाषेचा किंवा आकलनाचा आहे. तिथे लेखनिक देऊन काहीच हाती लागणार नाही. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला पहिल्या दोन शक्यता जास्त वाटतात, पण हे तुम्हीच पडताळा.

तो वाचताना कुठे थांबतो ते लक्ष देऊन ऐका. चौदाव्या वर्षापर्यंत सुटी अक्षरं बहुतेक मुलांची पक्की झालेली असतात. अडतं ते जोडाक्षरांवर, आणि त्यातही र वर. ‘पर्वत’मधला र डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मधला पायाशी तिरका जातो, ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली वेगळ्याच रूपात येतो, ‘दऱ्या’मध्ये आणखी निराळा. ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारताना मात्र क आधी. ज्या मुलाच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायलाच कष्ट पडतात त्याला हे सगळं एका क्षणात उलगडायचं असतं. म्हणून तो ‘पर्वत’चा ‘प्रवत’ करतो, घ-ध आणि भ-म यांत गोंधळतो, लांब शब्दाची सुरुवात वाचून बाकीचा अंदाजाने म्हणून टाकतो, लिहिताना ‘नगरपालिका’मधला र गाळतो. अशा चुका वारंवार आणि अनेक शब्दांत दिसत असतील तर त्या वह्या जपून ठेवा, तपासणीला लागतील. नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मात्र काही ठरवू नका. त्या उत्तम वाचणाऱ्यांच्याही होतात.

इंग्रजीची गत वेगळी. मराठीत निदान जसं लिहिलं तसं बहुतांशी वाचता येतं. इंग्रजीत तोही आधार नाही, म्हणून मराठीत कसंबसं निभावलेला मुलगा इंग्रजीत पुरता कोसळतो. आणि सेमीमध्ये हाच भार गणित आणि विज्ञानावरही येतो. एक छोटी पडताळणी करा: विज्ञानाचा एखादा मुद्दा, समजा प्रकाशाचं परावर्तन, त्याला मराठीत समजावून प्रश्न विचारा, मग दुसरा मुद्दा इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवून विचारा. मराठीत उत्तरं येत असतील आणि इंग्रजीत नाही, तर शाळेत पूर्ण मराठी तुकडी आहे का ते विचारा. नववीच्या मध्यावर माध्यम बदलणं सोपं नाही, पारिभाषिक शब्द सगळे नव्याने शिकावे लागतात. तरीही वाचनाची अडचण पक्की असेल तर मी दहावी सुरू होण्याआधी हा बदल करण्याच्या बाजूची आहे. सेमीची प्रतिष्ठा जपण्यासाठी मुलाचे दोन विषय घालवू नयेत.

आता दाखल्याविषयी. महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय १९९६ मध्येच घेतला होता. देशपातळीवर या अक्षमतेला कायद्यात जागा मिळाली ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये, जिथे दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. याच कायद्याच्या कलम १६ मध्ये शाळांवर जबाबदारी टाकली आहे की मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्यात योग्य ते बदल करावेत. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तुम्ही शाळेकडे मेहरबानी मागत नाही आहात, हे मनात ठेवून बोला.

दाखल्यासाठी अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. सगळ्या जिल्ह्यांत अध्ययन अक्षमतेची चाचणी घेणारे मानसशास्त्रज्ञ असतातच असं नाही, तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवतात. मुंबईत शीव, केईएम आणि नायर रुग्णालयांत हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत साधारण अशी पद्धत ठरवून दिली आहे: आधी बालरोगतज्ज्ञ डोळे-कान-मेंदूविकाराच्या बाजूने बघतात, मग बुद्ध्यांक चाचणी होते, बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तर बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेल्या चाचण्या घेतात. वयाची आठ वर्षं पूर्ण होण्याआधी दाखला देत नाहीत, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली आहे. तुमचा मुलगा चौदाच्या पुढे आहे, म्हणजे आत्ता काढलेला दाखला दहावी-बारावीला उपयोगी पडेल. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल शिकवण्यासाठी फार कामाचा असतो, पण परीक्षा मंडळाला सरकारी दाखलाच लागतो. हे माहीत नसल्यामुळे हजारो रुपये खर्च करून ऐन वेळी अडलेले पालक मी पाहिले आहेत.

तपासणीला जाताना गेल्या तीन-चार वर्षांच्या गुणपत्रिका, दोन-तीन वह्या, एखादा लिहिलेला पेपर आणि शाळेचं पत्र न्या. या एका पत्राअभावी लोकांना परत फिरावं लागतं. सगळं एका भेटीत होत नाही, तारखा पुढे जातात, म्हणूनच आत्ता सुरुवात करा म्हणते आहे. दहावीचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरले जातात आणि सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. त्याआधी दाखला हातात हवा.

एक शक्यता आधीच सांगून ठेवते, म्हणजे धक्का बसणार नाही. बुद्ध्यांक ७० ते ८५ च्या मध्ये आला तर मुलगा कुठल्याच दाखल्यात बसत नाही. बौद्धिक दिव्यांगत्वात नाही, अध्ययन अक्षमतेतही नाही. आपल्या वर्गांमध्ये अशी मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी व्यवस्थेने काहीही ठेवलेलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. तसं झालं तरी खाली सांगितलेलं वर्गातलं आणि घरचं काम त्याला तितकंच लागू पडतं. त्यासाठी कुणाच्या सहीची गरज नाही. आणि अक्षमता आहे पण टक्केवारी ४० पेक्षा कमी, असा निकाल आला तर तेवढ्यावर थांबू नका. लिहिण्यात खरी अडचण असेल तर केवळ ४० टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सांगितलं आहे, आणि त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये तशा सूचनाही काढल्या.

वडिलांच्या शंकेबद्दल. ती मी हलकी मानत नाही, आपल्या समाजात लोक बोलतात. पण त्यांना एकदा शांतपणे विचारा की आज मुलाला वर्गात काय म्हणतात? ढ, आळशी, लक्ष नसलेला. शिक्का तर बसलेलाच आहे, आणि तो खोटा आहे. तपासणीतून निदान खरं कारण कळेल. दाखला तुमच्या घरातला कागद आहे, शाळा आणि परीक्षा मंडळ यांच्यापलीकडे कुणालाही दाखवायची गरज नाही. जमलं तर तपासणीच्या दिवशी वडिलांनाच बरोबर पाठवा. मुलगा एक ओळ वाचताना किती घाम गाळतो हे एकदा डोळ्यांनी बघितलेले वडील बहुतेक वेळा पुढचे सगळ्यात मोठे आधार होतात.

सवलतींत कोणती घ्यायची आणि कोणती नाही, इथे मात्र मी पालकांना थांबवते. सगळ्या मिळतात म्हणून सगळ्या घेऊ नयेत.

जादा वेळ जरूर घ्या. तासाला २० मिनिटं या हिशेबाने भाषेच्या तीन तासांच्या पेपराला एक तास जास्त मिळतो, बीजगणित-भूमितीच्या दोन तासांच्या पेपराला ४० मिनिटं. पण चार तास बसून लिहिण्याची सवय नसलेला मुलगा दोन तासांनी पेन ठेवतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. ही सवय नववीच्या दुसऱ्या सत्रापासून लावावी लागते: घरी तासाभराचा पेपर, मधे दोन मिनिटं हात सैल सोडणं, परत लिहिणं, आणि हा अवधी हळूहळू वाढवत नेणं.

लेखनिकाचा निर्णय वरच्या घरच्या पडताळणीवर अवलंबून आहे. तोंडी आणि लेखी उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तरच लेखनिक घ्या. लेखनिक खालच्या इयत्तेतला विद्यार्थी असतो, तेव्हा तो काही सुचवणार नाही, आणि सुचवूही नये. तुमच्या मुलाला सांगता यायला हवं, आणि गोष्ट सांगणं वेगळं, उत्तर सांगणं वेगळं. ‘मग त्या लोकांनी काय केलं, सगळे एकत्र आले’ हे बोलणं झालं. ‘पहिला मुद्दा लिही. पूर्णविराम. नवीन ओळ. दुसरा मुद्दा’ असं सांगण्याचा सराव लागतो. विज्ञानात समीकरण कसं सांगायचं, आकृतीला नावं कुठे द्यायची हे तर दहा वेळा केल्याशिवाय बसत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की लेखनिक नववीच्या वार्षिक परीक्षेपासूनच वापरावा आणि शक्यतो तोच मुलगा किंवा मुलगी दहावीपर्यंत असावी. शाळेने नाही म्हटलं तर निदान चाचणी परीक्षेला तरी द्या म्हणून विनंती करा. काही मुलांना लेखनिकाशेजारी बसून लाज वाटते आणि ती चुकीचं लिहिलेलंही दुरुस्त करायला सांगत नाहीत. हेसुद्धा सरावातच कळतं.

भाषेची सूट आणि गणिताची खालची पातळी यांबाबत जपून. सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेण्याची सोय आपल्या मंडळाने अध्ययन अक्षमतेसाठी ठेवलेली आहे, आणि ज्या मुलाला गुणाकार-भागाकारच बसलेला नाही त्याच्यासाठी ती खरोखर वाचवणारी आहे. पण तुमच्या मुलाला इंजिनांची आवड आहे. आयटीआयचा मोटार मेकॅनिक ट्रेड किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, दोन्हीकडे दहावीचं गणित आणि विज्ञान बघितलं जातं. आज एक विषय सोपा करून घेताना त्याच्या आवडीची वाट तर बंद होत नाही ना, हे आधी त्या संस्थेच्या माहितीपत्रकात बघा. माझं मत विचाराल तर अशा मुलासाठी नेहमीचं गणित ठेवावं, त्यात ३५ पर्यंत पोहोचायची नेटकी तयारी करावी, आणि सवलतीचे वाढीव गुण कमी पडलं तर आहेतच. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेची सूट मात्र त्याचा वेळ मोकळा करत असेल तर मी बहुधा घ्यायला सांगते.

गणितात तो कुठे चुकतो हे पेपर उलगडून बघा. शाब्दिक उदाहरण वाचताच आलं नाही, की रीत आली पण आकडे उतरवताना ३६ चे ६३ झाले, की पाढेच नाहीत? पहिल्या प्रकारात उदाहरण वाचून दाखवलं की तो सोडवतो. तिथे गणित शिकवण्यात वेळ घालवायचा नाही, वाचून देणारा माणूस हवा. दुसऱ्यात चौकटीची वही आणि प्रत्येक पायरी नव्या ओळीवर. दहावीच्या बीजगणितात सांख्यिकी आणि संभाव्यता ही प्रकरणं अशा मुलांना बरी जमतात, अर्थनियोजन शब्दबंबाळ असल्यामुळे जड जातं. भूमितीत भौमितिक रचना आणि पायथागोरसचं प्रमेय आधी पक्कं करा. हाताने इंजिन जोडणारा मुलगा रचनांमध्ये चमकू शकतो, कारण तिथे वाचायचं फार थोडं असतं. सगळी प्रकरणं अर्धी अर्धी करण्यापेक्षा निम्मी पूर्ण करावीत.

वाचन सुधारण्याचं वय गेलं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. गेलेलं नाही, फक्त पद्धत बदलते. चौदा वर्षांच्या मुलापुढे पहिलीचं पुस्तक ठेवलं की तो मनातून उठून जातो. त्याच्या विषयांतलेच शब्द घ्या आणि ते तोडून दाखवा: ‘परा-वर्तन’, ‘अप-वर्तन’, ‘लोक-सत्ताक’, ‘औद्योगि-की-करण’. ओळखीचे तुकडे दिसू लागले की लांब शब्दाची भीती कमी होते. रोज २० मिनिटं पुरे, पण रोज. त्या वेळात तुम्ही एक ओळ वाचा, तो एक ओळ वाचेल, किंवा दोघं एकदम. गाडीच्या मॅन्युअलमधलं पान घेतलंत तरी चालेल. बाकीचा अभ्यास मात्र वाचनावर अडवून ठेवू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, मोबाइल ती वाचून दाखवू शकतो. यांत्रिक आवाज नको असेल तर धाकट्या-मोठ्या भावंडांनी धडे रेकॉर्ड करून द्यावेत. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करता येतं, त्यावर तो उत्तराचा कच्चा मसुदा बोलेल आणि मग वहीत उतरवेल. यामुळे मूल आळशी होतं असं काही शिक्षक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. उत्तर डोक्यात नीट लागलं की लिहिण्याची हिंमत वाढते.

शाळेशी बोलताना यादी लांबवू नका. एका वर्गात साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईंना दहा सूचना दिल्या तर त्यांतली एकही होत नाही. तीन गोष्टी मागा. सगळ्यांसमोर अचानक मोठ्याने वाचायला उभं करू नये. फळ्यावरचं पूर्ण उतरवण्याची सक्ती न करता मित्राच्या वहीची झेरॉक्स चालवून घ्यावी. इतिहास-विज्ञानात मुद्दा बरोबर असेल तर शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. अंतर्गत २० गुणांसाठी तोंडी काम, प्रयोग, मॉडेल यांत त्याला दाखवता येईल ते दाखवू द्या, एवढं प्रत्येक विषय शिक्षकांशी वेगळं बोला. तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवून घेण्याची विनंती मुख्याध्यापक करू शकतात. बाहेरच्या माणसाने सांगितलं की शाळा पटकन ऐकते.

१७ नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षा. मुलाला वर्ग नाही, शिक्षक नाहीत, सोबत नाही, आणि परीक्षा मात्र तीच. शाळेचा निकाल सांभाळण्यासाठी हा मार्ग सुचवला जात असेल तर नम्रपणे नाही म्हणा. शाळा खरोखरच सोसेनाशी झाली तर त्यापेक्षा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, बघावं. तिथे पाच विषय, विषय निवडण्याची मोकळीक, आणि पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे एकेक विषय सोडवत जाता येतं. पण तिथेही रोज अभ्यासाला बसवणारं कुणीतरी घरी लागतं. तुमच्या मुलाला मित्र आहेत, शाळेत जायला तो तयार आहे, म्हणून माझा कौल आत्ता शाळेतच राहण्याचा आहे.

क्रम थोडक्यात असा: या रविवारी घरची पडताळणी, पुढच्या आठवड्यात डोळे-कान आणि पोर्टलवर अर्ज, वार्षिक परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळेचा पहिला सराव, मे महिन्यात माध्यम आणि विषय यांचे निर्णय, आणि दिवाळीआधी दाखला शाळेत जमा.

या सगळ्यात मुलाशी बोलायचं राहून जातं. त्याला सांगा की तुझी बुद्धी कमी नाही, अक्षरं उलगडायला तुला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात, आणि आपण त्यावर काम करणार आहोत. तपासणीला का नेतोय हेही सांगा, फसवून नेऊ नका. तो नुसता गप्प असेल तर वेळ द्या. पण झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेच्या नावाने रोज पोटात दुखू लागलं, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा आली, तर गुण-दाखला सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.

आणि उद्या शाळेत जाल तेव्हा तोंडी बोलून परत येऊ नका. मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज लिहा: माझ्या मुलाला वाचन-लेखनात सातत्याने अडचण आहे, अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी शाळेचं पत्र आणि मागील वर्षांच्या गुणपत्रिकांच्या प्रती मिळाव्यात, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत शालेय परीक्षांत त्याला जादा वेळ द्यावा. दोन प्रती काढा, एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घ्या.